नमुना

कारखान्यात माझं खरं नाव फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ‘नमुनेवाले सायब’ म्हटलं की भागायचं. घाईत त्यातला ‘वाले’ गळायचा, कधी ‘सायब’ही गळायचा, आणि नुसता ‘नमुना’ उरायचा. पहिल्या हंगामात मी जे केलं ते पाहता त्यात कुणाचं फार चुकतही नव्हतं.

पश्चिम महाराष्ट्रातला साखर कारखाना. मी डिप्लोमा करून नुकताच लागलेलो. चीफ इंजिनिअर साहेब कुठल्याशा प्रशिक्षणाहून परतले ते डोक्यात एकच गोष्ट घेऊन: मिलच्या गिअरबॉक्सचं तेल आता तारखा बघून बदलायचं नाही, तपासून बदलायचं. एका गिअरबॉक्समध्ये सातशे लिटर तेल. चार मिल. हिशेब पटण्यासारखा होता. नमुने पुण्याच्या लॅबला पाठवायचं काम सगळ्यात नव्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

क्लीनिंगसाठी कारखाना थांबला होता. गिअरबॉक्स गार पडलेला. मला वाटलं, ही बरी वेळ आहे, कुणाच्या पायात येणार नाही. तळाचा ड्रेन प्लग सैल केला, काळपट धार लागली, ती पाण्याच्या रिकाम्या बाटलीत धरली. बाटलीवर मार्कर पेनने सुवाच्य अक्षरात लिहिलं: मिल नं. 3. अक्षर चांगलं असल्याचं समाधान मला अजून आठवतं.

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. लोखंड भरमसाट, सिलिकॉन भरमसाट, पाणी आहे, खाली लाल शाईत ‘तातडीने तपासणी करावी’. साहेबांनी दुसऱ्या दिवशी मिल थांबवली. जानेवारी महिना, गाळप ऐन भरात. गव्हाण थांबली तशी यार्डातल्या बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली आणि तिथून रस्त्याच्या कडेकडेने वाढत राहिली. नऊ तास गेले. वरचं कव्हर क्रेनने उचललं, आत टॉर्च मारला. दात न् दात तेलाने न्हालेला, झळझळीत. कुठे ओरखडा नाही.

साहेब बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, “नमुना कुठनं काढलास?” मी सांगितलं. “म्हणजे तू तेल पाठवलंच नाहीस. गाळ पाठवलास.”

विहिरीचं पाणी तपासायला सांगावं आणि माणसाने तळाचा चिखल काढून न्यावा, तसं मी केलं होतं. चार-पाच हंगामांत जे जे खाली बसलं होतं, ते पहिल्या धारेला माझ्या बाटलीत आलं. लॅबने त्या बाटलीतलं खरंच सांगितलं होतं. प्रश्न एवढाच, की बाटलीत जे होतं ते दातांवर नव्हतं.

नंतर मी रीत शिकलो. मशीन चालू हवं, तेल गरम हवं, आणि नमुना घ्यायचा तो तेल दातांवरून, बेअरिंगमधून परत येतं त्या पाइपवर, फिल्टरच्या आधी. फिल्टरनंतर घेतला तर गाळून घेतलेल्या चहात पत्ती शोधण्यासारखं. व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिली धार डब्यात सोडायची, कारण ती पाइपच्या त्या तुकड्यात आदल्या दिवसापासून उभी असते. बाटली कोरी, लॅबचीच. टोपण शेवटच्या क्षणी काढायचं. ही शेवटची गोष्ट सांगताना माझा आवाज अजूनही जरा चढतो, तो का ते पुढे येईल.

पुण्याच्या लॅबमध्ये जे वयस्क केमिस्ट होते ते रेल्वेच्या डिझेल शेडमधून निवृत्त झालेले. मी एकदा स्वतः बाटल्या घेऊन गेलो तेव्हा त्यांनी मला शेजारी उभं करून स्पेक्ट्रोमीटर दाखवला. ग्राफाइटची छोटी चकती तेलात अर्धी बुडून फिरते, वर दांडी, मध्ये ठिणगी. तेल जळतं आणि त्यातला प्रत्येक धातू आपापल्या रंगाचा प्रकाश टाकतो: लोखंडाचा वेगळा, तांब्याचा वेगळा, कथलाचा वेगळा. कुठला प्रकाश किती, यावरून कुठला धातू दर किलोत किती मिलिग्रॅम ते कळतं. तीस सेकंदांचं काम. ते म्हणाले, ही सगळी विद्या रेल्वेवाल्यांची. अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न नावाच्या रेल्वेने 1946 च्या सुमारास डिझेल इंजिनांचं तेल असं जाळून बघायला सुरुवात केली, मग विमानवाल्यांनी उचलली. आपल्याकडच्या शेडमध्येही इंजिन आलं की आधी तेलाची बाटली लॅबला जायची. तेलात बोरॉन किंवा सोडियम दिसलं की थंडाव्याचं पाणी कुठेतरी पाझरतंय, कारण त्या पाण्यात गंज लागू नये म्हणून घातलेलं औषध तेवढं मागे उरतं. पाणी उडून जातं. चोर पळाला तरी चप्पल राहते, असं ते म्हणाले आणि स्वतःच हसले.

आमच्या मिल हाऊसमध्ये हेच काम आप्पा बोटांनी करत. आप्पा म्हणजे आमचे ऑइलमन. हातात लांब चोचीचं तेलाचं भांडं, खांद्यावर कापसाचा बोंदरा, कमरेला टॉर्च. मिल रोलरच्या ब्रासवर डांबरासारखं दाट तेल थेंबथेंब पडतंय की नाही, हे ते दर फेरीला बघत. गिअरबॉक्सचं तेल मात्र ते डिपस्टिकवरून अंगठा-तर्जनीत घेत, चोळत, बोटं फाकवून तार किती लांब ओढते ते बघत, मग हुंगत. दुधाळ दिसलं तर पाणी. आंबूस, करपट वास आला तर तापलंय. शंका असेल तर ते कँटीनमध्ये जात, शेगडीवर उलथनं तापवत आणि त्यावर एक थेंब सोडत. नुसता धूर आला तर ठीक. चुर्र वाजलं तर पाणी. लॅबमध्ये हीच परीक्षा हॉटप्लेटवर करतात. तापमान तेवढं ठरलेलं असतं, साधारण 160 अंश. आचाऱ्याला हा प्रकार मुळीच पसंत नव्हता आणि त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं बरंच होतं.

मी नवा होतो तेव्हा आप्पांना पुस्तकी ज्ञान ऐकवायचो. डोळ्यांना साधारण 40 मायक्रॉनच्या वरचाच कण दिसतो, केस 70 च्या आसपास, आणि बेअरिंगची वाट लावतात ते कण पाच-दहा मायक्रॉनचे. ते तुमच्या बोटांना कसे लागणार? आप्पा ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, “बारका मला न्हाय घावत, खरं हाय. पर तुमच्या त्या मशीनला मोठा कुटं घावतोय?”

मी केमिस्टना फोन करून विचारलं. आप्पांचं बरोबर होतं. ठिणगीत पाच-आठ मायक्रॉनपर्यंतचे कण नीट जळतात. त्याहून मोठे तुकडे अर्धेकच्चे राहतात, मोजणीत येत नाहीत. म्हणजे बेअरिंगचा पापुद्रा सुटून तेलात तरंगत असला तरी आकडा शांत राहू शकतो. त्यासाठी वेगळी तपासणी असते, फेरोग्राफी: चुंबकावरच्या तिरक्या काचेवरून तेल सोडायचं, कण आकाराप्रमाणे रांगेत बसतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. कापले गेलेले कण रंध्याच्या कुरळ्या भुशासारखे दिसतात, थकून सुटलेले चपट्या कपच्यांसारखे. आप्पांनी जुन्या स्पीकरचं चुंबक फडक्यात बांधून ठेवलं होतं आणि काढलेलं तेल ते त्यावरून ओतत. पुढे मी त्यांना काही ऐकवलं नाही.

पण मला जी गोष्ट सांगायची आहे ती आकड्याच्या आतली आहे.

तिसऱ्या की चौथ्या हंगामात दोन नंबरच्या गिअरबॉक्सचे रिपोर्ट मी फाइलला लावत होतो. डिसेंबर, लोखंड 60. जानेवारी, 60 ला एखादा कमी. फेब्रुवारी, पुन्हा 60. सरळ रेषा. तेलाच्या धंद्यात आकडा किती याला फार अर्थ नसतो, तो कुठे चाललाय याला असतो. आणि हा कुठेच चालला नव्हता. मी साहेबांना सांगितलं, दोन नंबर उत्तम.

त्याच आठवड्यात स्टोअरकीपर माझ्याकडे कटकट करायला आला. गिअर ऑइलचं बॅरल इतक्या लवकर कसं संपतं? मी आप्पांना विचारलं. आप्पांनी खिशातून वही काढली. बिडीच्या वासाची, तेलाने पानं पारदर्शक झालेली, पण तारखा आणि पाळ्या चोख. दोन नंबर: दर पाळीला दहा लिटर. ऑइल सील गळत होतं, सीझनमध्ये सील बदलायला कोण थांबवणार, म्हणून आप्पा खालून गळेल तेवढं वरून भरत होते. कामात चूक काहीच नव्हती.

पाळ्या तीन: चार ते बारा, बारा ते आठ, आठ ते चार. म्हणजे दिवसाला तीस लिटर. महिन्याला नऊशे. सातशे लिटरचा गिअरबॉक्स. मी पावतीच्या मागे गणित मांडलं आणि हात थांबला. महिन्याभरात एका टाकीभरापेक्षा जास्त नवं तेल आत गेलं होतं आणि तरी लोखंड 60 चं 60. वाहून जाणाऱ्या तीस लिटरचं वजन सत्तावीस किलोच्या आसपास. दर किलोमागे 60 मिलिग्रॅम. म्हणजे रोज दीड ग्रॅमहून जास्त लोखंड गळून जमिनीवर पडत होतं, आणि आकडा खाली येत नव्हता याचा अर्थ तेवढंच लोखंड रोज आत नव्याने झिजत होतं. गळती नसती तर महिन्यात तो आकडा 60 वरून 130 च्या पुढे गेला असता आणि मी बोंब मारली असती. गळतीमुळे झीज झाकली गेली होती. ज्या रेषेला मी उत्तम म्हणालो, ती भोक पडलेल्या हौदात नळ सोडल्यावर पाण्याची पातळी जागच्या जागी राहते, तसली होती.

साहेबांना सांगायला गेलो तेव्हा पहिल्या हंगामातली बैलगाड्यांची रांग डोळ्यांसमोर होती. पण त्यांनी वही बघितली, पावती बघितली, आणि चार दिवसांनी क्लीनिंग होतं त्यात कव्हर उघडायचं ठरवलं. पिनियनच्या दातांवर एकाच कडेला खड्डे. बाकी रुंदी कोरी, एका कडेला देवीच्या व्रणांसारखे वण. एका कोपऱ्याचे फाउंडेशन बोल्ट ढिले झाले होते; शाफ्ट जरासा तिरका फिरत होता. तिरका फिरत होता म्हणून दाताची एकच कड भार घेत होती, आणि तिरका फिरत होता म्हणूनच सील गळत होतं. झीज आणि झीज लपवणारी गळती एकाच घरातून निघाली होती.

त्यानंतर रिपोर्टच्या फाइलमध्ये मी एक रकाना वाढवला: ‘किती भरलं’. तो रकाना भरायला आप्पांची वही लागायची. पुढच्या वर्षीपासून स्टोअरमधून त्यांना दरसाल एक नवी वही मिळू लागली. बिडीचा वास तिला पहिल्या आठवड्यातच लागायचा.

पुढे कारखान्याने वीज विकायला सुरुवात केली, मिलच्या जुन्या स्टीम टर्बाइन गेल्या, मोटारी आल्या, प्लॅनेटरी गिअरबॉक्स आले. मोटर मिनिटाला हजार फेरे मारते आणि पलीकडे रोलर चार-पाच. मधला सगळा ताण त्या एका लोखंडी पेटीत. तेव्हा सेन्सर आले. आठ दिवसांनी रिपोर्ट यायचा ते दिवस गेले. आता तेलाची नाडी चोवीस तास पडद्यावर.

एक सेन्सर तेलाचा डायइलेक्ट्रिक मोजतो. नाव अवघड आहे, कल्पना सोपी: दोन पट्ट्यांच्या मधून तेल जातं आणि त्या पट्ट्या विजेचा किती साठा धरतात ते बघायचं. चांगल्या तेलाचा हा आकडा सव्वादोनच्या आसपास, पाण्याचा 80. त्यामुळे चिमूटभर पाणीही लपत नाही. तेल आंबलं तरी आकडा हळूहळू चढतो. दुसरा सेन्सर ओल मोजतो, पण पाणी किती हे सांगत नाही. तेलाची पाणी पोटात ठेवायची जेवढी ताकद, तिच्यातली किती वापरली ते सांगतो. तेल गरम असताना ही ताकद जास्त, गार पडलं की कमी. म्हणून रात्री स्वच्छ दिसणारं तेल थांबलेल्या मशीनमध्ये पहाटे दुधाळ होतं. पाणी तेवढंच असतं, जागा आटलेली असते. तिसरा सेन्सर म्हणजे पाइपभोवतीची वायरची वेटोळी. पोलादाचा तुकडा गेला की चुंबकीय क्षेत्र एका बाजूला हलतं, तांब्या-पितळेचा गेला की उलट बाजूला. पोलादाचा साधारण 100 मायक्रॉनच्या वरचा प्रत्येक तुकडा मोजला जातो. म्हणजे आप्पांचं फडक्यातलं चुंबकच, फक्त न झोपणारं.

पहिल्या महिन्यात या सेन्सरांनी मला झोपू दिलं नाही. रोज पहाटे पावणेचारला मोबाइलवर इशारा: एक नंबर, ओल वाढली. सहाला बघावं तर आकडा खाली. सेन्सर पुरवणाऱ्यांनी सेन्सर बदलून दिला. नवाही पावणेचारलाच ओरडला. सेन्सर खराब असेल, पण घड्याळ बघून खराब होणारा सेन्सर मी पाहिला नव्हता. एका रात्री तीन वाजता स्वेटर घालून मिल हाऊसमध्ये जाऊन उभा राहिलो. साडेतीनला पाळी सुटायच्या आधीची धुलाई सुरू झाली. रसात जंतू माजू नयेत म्हणून मिल गरम पाण्याने आणि वाफेने धुतात, ते नेहमीचंच. हेल्पर पोरगं पाइप घेऊन वरपासून खालपर्यंत झकास धूत होतं, आणि गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे तो श्वास घेतो ते नाक, बरोबर त्या वाफेच्या ढगात. पोराला मी काही बोललो नाही. फिटरने अर्ध्या तासात छत्रीच्या मुठीसारखा वाकवलेला पाइप लावून ब्रीदर वर नेला, टोकाला निळ्या सिलिका जेलची डबी बसवली, ओल लागली की गुलाबी होणारी. दुसऱ्या दिवसापासून पावणेचारचा इशारा बंद. खर्च सेन्सरच्या वायरएवढाही नसेल.

एकदा लॅबच्या रिपोर्टमध्ये सिलिकॉन एकदम वर गेलं. सिलिकॉन म्हणजे धूळ, माती, हे पाठ झालेलं. पण मातीबरोबर ॲल्युमिनियमही थोडं चढायला हवं, ते जागचं हललं नव्हतं. चौकशी केली तर कव्हर बसवताना फिटरने गॅस्केटवर ट्यूबमधला सिलिकॉन पेस्ट सढळ हाताने फासला होता. तो तेलात उतरला. याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही. आम्ही फिटरला चहा पाजला आणि ट्यूब काढून घेतली.

तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, तीन नंबरच्या वेटोळ्याने पोलादाचे तुकडे मोजायला सुरुवात केली. आधी दिवसाला एखादा, तोही नाही. मग पाच. मग अकरा. चौथ्या दिवशी तीस. डायइलेक्ट्रिक शांत, ओल शांत, लॅबचं लोखंडही जवळजवळ शांत. मोठे तुकडे, बारीक धूळ नाही. कुठलं तरी बेअरिंग पापुद्रे सोडू लागलं होतं.

आता मात्र मी चीफच्या खुर्चीत होतो आणि विचारणारे दुसरे. शेती खात्याचे साहेब म्हणाले, तोडी चालू आहेत, फडात ऊस पडलाय, दोन दिवस थांबलात तर वजन घटेल आणि शिव्या आम्हाला पडतील. उत्पादनवाले म्हणाले, उतारा आधीच ढासळतोय. कार्यकारी संचालकांनी सगळ्यांचं ऐकलं आणि मला विचारलं, किती दिवस चालेल? या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच सेन्सरमध्ये नसतं. मी म्हणालो, भार कमी करून चालवू, तोडी कमी करा, आकडा दिवसाला शंभराकडे गेला की मी थांबवणार, तेव्हा कुणी फोन करू नये. शंभर हा आकडाही मी पोटातून काढला होता, पुस्तकातून नाही, हे इथे कबूल करून टाकतो.

सहाव्या दिवशी रात्री अकराला तो 94 झाला. मी थांबवलं. यार्डात तेव्हा शिल्लक ऊस थोडाच होता. शेती खात्याने शब्द पाळला होता. बेअरिंगच्या आतल्या कड्यावर अंगठ्याच्या नखाएवढी कपची उडालेली. दात सगळे शाबूत. बदली बेअरिंग आम्ही चौथ्याच दिवशी मागवून ठेवलं होतं. दुसऱ्या संध्याकाळी मिल फिरली. आप्पा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचा नातू आमच्याकडेच लागलाय, त्याच्याकडून त्यांना बातमी गेली. त्यांनी निरोप पाठवला, “सातवा दिस न्हवता म्हनावं त्येला.” त्यांना ते कशावरून कळलं, मी विचारलं नाही.

सेन्सर असले तरी महिन्यातून एकदा बाटली लॅबला जातेच. परवा नातवालाच पाठवलं. मी मुद्दाम लांबून बघत होतो. परतीच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह त्याने उघडला, पहिली धार डब्यात सोडली, बरोबर. मग बाटलीचं टोपण काढलं आणि दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून चेकर्ड प्लेटवर ठेवलं. उपडं. प्लेटवर बगॅसची पिवळी भुकटी, तिच्यात आदल्या पाळीच्या बुटांची माती. तेल भरून झाल्यावर तेच टोपण उचलून तो लावणार होता.

“टोपण हातात धर,” मी ओरडलो. मिलच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. मी जिना उतरून खाली गेलो, खिशातून नवी बाटली काढली आणि म्हणालो, “चल, पुन्हा घे.”